गार पीठ

माणूस आपल्याच तोट्याचा सल्ला द्यायला लागला की कुठंतरी पाणी मुरतंय, असं मी धरून चालते. स्वभावच आहे माझा तसा. भाजीवालीनं कोथिंबिरीची जुडी फुकट दिली तर मी आधी आतली पानं सडलीत का ते बघते. त्यामुळे आमच्या गिरणीची मोटर दुसऱ्यांदा जळली, आणि ती भरून द्यायला आलेला मिस्त्रीच ‘मोटर जळू नये म्हणून काय करायचं’ ते मला सांगायला लागला, तेव्हा मी सावध झाले. मोटरी जळल्या तर ह्याच्या घरी चूल पेटणार. मग ह्याला माझा एवढा पुळका कशाचा?

आमचं गाव ताडकळसच्या अलीकडं. मालक शेतात असायचे, गिरणी मी चालवायचे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची ती वर्षं. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही, पण माणसं एकमेकांकडं डोळे बारीक करून बघायला लागली होती. मिस्त्री आमच्याच गावच्या बौद्धवाड्यातला, पंचविशी उलटलेला. परभणीला मोटर भरायचं, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळायचं, काम शिकून आला आणि एसटीच्या थांब्यापाशी त्यानं टपरी टाकली. त्याचे वडील मला मालकीण म्हणायचे. हा पहिल्याच दिवशी वैनी म्हणाला. त्यात वावगं काही नव्हतं, तरी मला ते खटकलं. आज लाज वाटते, पण खटकलं होतं.

“वैनी, मोटर काहून जळायलीय ते बघा की,” तो म्हणाला. “दगड बोथट झालेत तुमचे. बोथट दगड दाणा कापत न्हाई, निस्ता रगडतो. पट्टा बी घसरायलाय. समदा जोर मोटरीवर, अन् लाईट तर आधीच कमी. जळल न्हाई तर काय व्हईल?”

“अन् मोटरी जळायच्या थांबल्या तर तू खाशील काय?”

तो हसला. “तुमची मोटर टिकली तर गाव म्हणल ह्याचं काम पक्कं हाय. मग हिरीवरल्या मोटरी माझ्याकडं येतील. आत्ता समदे परभणीला नेत्यात, माझ्या हातात कोनी देत न्हाई. तुमची ही पयली. ही जळली तर मला टपरीच उचलावी लागंल.”

गावातली माणसं त्याच्या हातात मोटर का देत नव्हती ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं. त्याचं म्हणणं सरळ होतं, आणि सरळ बोलण्याचा मला अजूनच संशय येतो. तरी ‘कर’ म्हणाले. तिसऱ्यांदा गिरणी बंद पडणं परवडणारं नव्हतं.

दोन दिवस त्यानं काम केलं. वरचा दगड उतरवला, दोन्ही दगडांना छिन्नीनं टाकी घालून धार आणली, पट्ट्याचा सांधा नव्यानं शिवला, मोटर जरा मागं सरकवून पट्टा ताणून घेतला. मी दारात बाजेवर ठाण मांडून होते. आतलं तांबं काढून हलकी तार घालतात असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून पाणी प्यायलासुद्धा उठले नाही. त्याला ते कळत होतं. भरायची तार त्यानं माझ्यासमोर आणून ठेवली आणि म्हणाला, “बघून घ्या वैनी.” मला तारेतलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी मी हातात घेऊन उलटसुलट करून बघितली.

गिरणी सुरू केली तर आवाज निम्म्यावर आलेला. मीटरमधली चकती आधी भिंगरीसारखी पळायची, ती दमानं फिरायला लागली. मला धसकाच बसला. ह्यानं मीटरला काही केलं असेल आणि उद्या ऑफिसची माणसं आली तर हातात बेड्या आपल्याच पडतील! दोनदा जाऊन सील तपासलं. शिसं जागच्या जागी होतं. मालकांना दाखवलं तर ते म्हणाले, “कमी फिरायलंय तर फिरू दे की. तुला सुख बी टोचायलंय.”

पण खरी अडचण पुढंच होती. आमच्याकडं दळणाचे डबे नंबरानं ठेवून बाया घरी जायच्या आणि नंतर येऊन न्यायच्या. नेताना झाकण काढून पिठात हात घालायच्या. पीठ गरम लागलं पाहिजे. गरम म्हणजे आत्ता दळलेलं, म्हणजे आपलंच. गार लागलं म्हणजे कुणाचं तरी आधीचं आपल्या डब्यात ओतलं. हा नियम कुणी केला ठाऊक नाही, पण देवाच्या शब्दासारखा पाळला जायचा. आणि त्या वर्षांत ‘कुणाचं तरी’ या शब्दाला वेगळी धार आली होती. सगळ्या वस्त्यांचे डबे आमच्याकडं एकाच रांगेत लागायचे. आधी त्याचं कुणाला काही वाटत नसे. आता बाया रांगेत आपल्या पुढचा डबा कुणाचा ते बघायला लागल्या होत्या.

टाकी घातलेल्या दगडातून पीठ येत होतं मऊ, पांढरंशुभ्र आणि गार.

पहिला डबा उघडला आमच्या शेजारणीनं. हात घातला आणि तसाच बाहेर काढला. “हे माझं पीठ न्हाई.”

“तुमचंच हाय की.”

“गार लागायलंय. कोनाचं घातलं माझ्या डब्यात?”

मी समजावलं. दगड कापायला लागला की पीठ तापत नाही, तापतं ते रगडल्यानं, असं मिस्त्रीचंच बोलणं तिला ऐकवलं. तिनं तेवढंच धरलं. “मिस्त्री म्हणला व्हय? मंग झालंच.” दुसऱ्या दिवशी तिचा डबा आला नाही. त्या आठवड्यात आणखी पाच-सहा जणींचे आले नाहीत. ताडकळसच्या बाजारला जाताना डोक्यावर दळण घेऊन जायला लागल्या. चांगली गिरणी दाराशी आणि बाया दळण घेऊन चालल्या पायपीट करत! मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त राग आला मिस्त्रीचा. ह्याला कोणी सांगितला होता शहाणपणा?

मग मी ते केलं. पीठ जाड-बारीक करायचं एक चाक असतं, ते आवळलं की दोन्ही दगड जवळ येतात. मी ते दीड फेरा आवळलं. दगड एकमेकांना घासायला लागले, मोटर कण्हायला लागली, चकती पुन्हा पळायला लागली. पीठ आलं चटका बसेल असं. शेजारीण आठवड्यानं आली, हात घातला आणि म्हणाली, “आता कसं!” सगळ्या बाया परत आल्या. चाक सैल करावं असं मला रोज वाटायचं आणि रोज मी ते उद्यावर ढकलायचे.

मोटर महिनाभरसुद्धा टिकली नाही. भर दुपारी, दळणाची गर्दी असताना, जळका वास सुटला आणि धूर आला. दारात पंधरा-वीस माणसं जमली. “म्या म्हणलंच व्हतं.” “कच्चं काम केलं त्यानं.” “मुद्दाम केलं आसंल.” एकानं तर नामांतराचा राग मोटरीवर काढला असंही म्हटलं, आणि कुणी हसलं नाही.

कुणीतरी मिस्त्रीला बोलावून आणलं. तो गर्दीतून वाट काढत आत आला, मोटरीवर हात ठेवला, मग पट्टा बघितला, दगड बघितले. शेवटी त्याचा हात चाकाकडं गेला. त्यानं ते हलवून पाहिलं. हललं नाही. तो वळून माझ्याकडं बघत म्हणाला, “वैनी, चाक कोनी आवळलं?”

शेजारीण माझ्या अगदी लगत उभी होती. खरं सांगितलं असतं तर गरम पिठाचं माझं नाटक सगळ्या बायांपुढं उघडं पडलं असतं. मी म्हणाले, “चाकाला कोन हात लावंल? तू बसवून दिलंस तसंच हाय.”

त्यानं चाकावरचा हात काढला. माझ्या शब्दापुढं त्याचा शब्द त्या गर्दीत किती टिकला असता, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. त्यानं मोटर उतरवून नेली, पुन्हा भरून आणली, एक पैसा घेतला नाही. बसवताना चाक सैल केलं आणि मला म्हणाला, “असंच राहू द्या.” एवढंच.

त्यानंतर त्याच्या टपरीकडं कुणी फिरकलं नाही. एका शेतकऱ्यानं विहिरीवरची मोटर त्याच्याकडं टाकली होती, तीही परत नेली. आठेक दिवसांनी टपरी उठली. तो परभणीला कुणाच्या तरी दुकानात कामाला लागल्याचं कानावर आलं. पुढं गावातल्या मोटरी जळत राहिल्या आणि एसटीच्या टपावर चढून परभणीला जात राहिल्या. त्यातल्या काही त्याच्याच हातानं भरून आल्या असतील आणि गावानं ‘शहरातलं पक्कं काम’ म्हणून वाखाणल्या असतील.

चाक मी पुन्हा आवळलं नाही. बाया कुरकुरल्या, काही गेल्या, वर्षभरात परत आल्या. गार पिठाची सवय झाली त्यांना. एवढंच तर करायचं होतं: वर्षभर कळ काढायची होती.

मिस्त्रीची आई आधीसारखीच दळणाला येत राहिली. बोलणं कामापुरतं. एकदा गिरणीत दुसरं कुणी नव्हतं. ती डब्याला फडकं बांधत होती. मी म्हणाले, “मावशी, ते चाक म्याच आवळलं व्हतं.”

तिनं मान वर केली नाही. गाठ मारली, ओढून पक्की केली.

“ठाऊक हाय की त्याला,” ती म्हणाली. “टपरी दुसऱ्याच दिशी उचल म्हणलं व्हतं म्या. तर म्हणला, थांब. वैनी शक लय घेत्यात, पर खोटं ऱ्हाऊ देनार न्हाईत. बोलतील, म्हणला. आठ दिस थांबला तो.”