अ वर्ग, न वापरलेली

तारखा आधी नोंदवतो. तारखेशिवाय केलेली तक्रार म्हणजे नुसता कांगावा, असे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो आहे.

दसऱ्यानंतरचा पहिला सोमवार: ग्राहकांनी परत पाठवलेल्या साड्यांचा एक लॉट माझ्या मुलाने ऑनलाइन लिलावात बोली लावून घेतला. त्याच आठवड्यातला शुक्रवार: तो माल मच्छे गावातल्या आमच्या शेडमध्ये उतरला आणि त्याची वर्गवारी झाली. तुळशीच्या लग्नानंतरचा गुरुवार: सदलग्याला माझ्या मुलीच्या सासरी वास्तुशांत झाली आणि भर मांडवात माझी मान खाली गेली.

जबाबदार इसम चार. पहिली, ती अनोळखी बाई, जिने साडी मागवली, कुणाच्या तरी लग्नात मिरवली आणि 'रंग आवडला नाही' म्हणून परत पाठवली. दुसरा, गोदामातला तो माणूस, ज्याने ती न बघता पुन्हा पिशवीत कोंबली. तिसरी, लिलाव करणारी ती कंपनी, जी असला माल 'जसा आहे तसा' या तीन शब्दांच्या आडोशाने विकते. चौथ्याकडे मी शेवटी येतो.

मुलाचा धंदा थोडक्यात सांगावा लागेल. मोबाइलवरून वस्तू मागवणारे लोक जे परत पाठवतात आणि कंपन्यांकडे जे उरते, ते ढिगाने लिलावात निघते. मुलगा ते ढीग घेतो, निवडतो, त्यांचे लहान लॉट करतो आणि स्वतःच्या पानावर पुन्हा लिलावाला लावतो. निपाणी-चिकोडीकडचे छोटे दुकानदार त्यावर बोली लावतात. सुरुवातीला रोजची भांडणे होत. कुणाच्या नव्या मिक्सरच्या भांड्यात चटणी वाळलेली, कुणाच्या बुटाच्या तळाला चिखल. मी कोर्टातून निवृत्त झालेला कारकून. ही बेशिस्त मला बघवेना. मी तीन वर्ग ठरवले. अ म्हणजे न वापरलेले. ब म्हणजे उघडलेले, पण चालू. क म्हणजे जसे आहे तसे, तक्रार चालणार नाही. प्रत्येक लॉटखालचे वर्णन मी स्वतः लिहू लागलो आणि भांडणे थांबली. मला अण्णा म्हणणारा निपाणीचा एक दुकानदार मुलाला म्हणाला, "अण्णांनी लिवलंय न्हवं? मग बघायचं काय त्यात?" हे वाक्य मी घरी येऊन पत्नीला दोनदा ऐकवले होते.

कपड्यांसाठी माझा नियम सोपा होता. लेबल दोऱ्यासकट शाबूत असेल आणि ब्लाउजपीस कापलेला नसेल, तर अ. घडी मोडायची नाही, कारण मोडलेली घडी पुन्हा तशी बसत नाही आणि बोली उतरते.

पत्नीला हे पटले नव्हते. "अहो, साडी उलगडून बघितल्याबिगर कोण घेतंय व्हय? खडेबाजारात दहा पसरायला लावते मी, तवा एक पसंत पडते."

"तिथं नुसती पसरापसरी. इथं वर्गवारी आहे."

"मग वर्गवारीच नेसू की आम्ही," ती म्हणाली आणि आत गेली.

व्याह्यांनी नवे घर बांधले, तेव्हा विहीणबाईंना आहेराची साडी द्यायची होती. पत्नी खडेबाजाराला निघाली होती. मी तिला थांबवले. शेडमधून शेवाळी रंगाची, रुंद काठाची साडी आणली. चार पैसे वाचवण्यासाठी नव्हे, हे नोंदवून ठेवतो, कोणी मानो न मानो. मला माझ्या 'अ'चा गर्व होता.

व्याह्यांकडून आलेली साडी नेसूनच यजमानीणबाईने आरतीला उभे राहायचे, अशी त्या घरची रीत आहे. आहेर झाला. विहीणबाई साडी घेऊन आत गेल्या, माझी मुलगी पदर लावून द्यायला त्यांच्यामागे गेली. बराच वेळ गेला. भटजींनी दोनदा हाक मारली. मग त्या बाहेर आल्या, त्या सकाळचीच साडी नेसून.

व्याह्यांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे मुलीच्या आत्यासासूबाईंनी, लगेच विचारले, "काय गं, पाव्हण्यांची साडी कुठं हाय?"

"काठ लई जड हाय आक्का," विहीणबाई हसून म्हणाल्या. "ह्या होमाच्या धुरात कशाला? निवांत नेसीन की."

आक्कांचे समाधान झाले नाही. त्या स्वतः आत गेल्या आणि तळहात उघडा धरून परतल्या. हातात कुंकवात रंगवलेल्या चार-पाच अक्षता होत्या. "ह्या बघा, पदराच्या घडीतनं पडल्या. आमच्या भावजयीचं लगीन तर कवाच झालं. मग ह्या कुणाच्या डोस्क्यावर टाकल्याल्या गं?" आणि बायकांकडे वळून म्हणाल्या, "साडी आधी एका घरात नांदून आलीया!"

बायका हसल्या. कोणी कन्नडात काहीतरी बोलले आणि पुन्हा हसू उठले. मुलगी पंचारती धरून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

व्याही भला माणूस. ते माझी बाजू घेऊन उठले. "पाव्हण्यांची काय चूक हाय त्यात? दुकानदारानं फसवलंय. पाव्हणं, कुठल्या दुकानातनं घेतलासा? तुम्ही पत्रं लिवणारं माणूस. सोडू नगासा त्याला!"

सारा मांडव माझ्याकडे बघू लागला. खरे उत्तर एका वाक्याचे होते. मी म्हणालो, "कोल्हापुरातनं घेतली."

"मग सोमवारी दोघं जाऊ की. पावती घिऊन या."

घरी येताच मी लिलाव कंपनीला पत्र लिहायला बसलो. फसवणूक, मानहानी, भरपाई, काही सोडले नाही. मुलाने ते वाचले आणि शांतपणे म्हणाला, "आप्पा, त्यांनी 'परत आलेला माल, जसा आहे तसा' एवढंच लिहिलंय. 'न वापरलेली' त्यांनी कुठं म्हटलंय? ते आपलं आहे." तो 'तुमचं' म्हणाला नाही, 'आपलं' म्हणाला. शिवी दिली असती तर सोसली असती.

मग त्याने सुचवले, की कोल्हापूरच्या ओळखीच्या दुकानातून एक पावती आणून देतो, विषय संपेल. मी, ज्याने उभ्या आयुष्यात खोट्या कागदावर शिक्का मारू दिला नाही, मुलाला ताडकन 'नाही' म्हणालो नाही. मी विचारले, "पावतीवर तारीख कुठली घालतील?" हे लिहिताना कान तापले आहेत.

आज सकाळी मुलीचा फोन आला. विहीणबाईंनी साडी धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवली आहे. त्या तिला काही बोलल्या नाहीत. आक्का मात्र सारख्या विचारतात.

"आप्पा, कुठनं घेतली होती? मला तरी खरं सांगा."

मी सांगितले.

"मग ते तुम्ही सांगा," ती म्हणाली. "मला सांगायला लावू नका. मला इथं राहायचं आहे."

त्याच लॉटमधल्या उरलेल्या साड्या माझ्या त्याच वर्णनाखाली निपाणीला गेल्या आहेत. त्या कुठल्या मांडवात उलगडतील, मला माहीत नाही.

पहिल्या तिघांना, पत्ते मिळतील तसतशी, माझी पत्रे जातील. माझा राग ओसरलेला नाही. पण चौथा इसम, ज्याने घडी न उलगडता 'न वापरलेली' असे लिहिले आणि नसलेल्या दुकानदारावर आळ घेतला, तो मी आहे. त्याच्याकडून माझी जाहीर मागणी अशी: त्याने आजच लिलावाच्या पानावर, निपाणीच्या दुकानदारांना दिसेल असे, स्वतःचे वर्णन खोटे ठरवावे. आणि सोमवार उजाडण्यापूर्वी, म्हणजे उद्या रविवारी, कसलीही पावती न घेता सदलग्याला जावे. आक्कांना सांगून मांडवातल्या त्या बायकांना बोलवावे. विहीणबाईंसमोर उभे राहून साडी कुठून आली, ते सांगावे. तिथे लेखी खुलासा चालणार नाही. तोंडी द्यावा, सर्वांना ऐकू जाईल असा, आणि मुलगी समोर असताना द्यावा.