मध्यंतरानंतरची नायिका

माते महाकाली, तुझ्या चरणी मस्तक ठेवून लेखणी हाती घेतो. तू दैत्यांना क्षमा केली नाहीस, म्हणून माझ्या मनात जे आहे ते तुझ्यापुढे मांडताना मला संकोच वाटत नाही. निमित्त असे की आमच्या चित्रपट मंडळाची यंदाची उपेक्षितांची यादी प्रसिद्ध झाली आणि ती कशी सिद्ध झाली हे वार्षिक अंकासाठी लिहून ठेवण्याचे काम सभासदांनी माझ्याकडे सोपवले. काल प्रबोधिनी एकादशी झाली. आज पारणे करून, पूजा आटोपून बसलो आहे.

मंडळ लहान आहे. आम्ही पाच जण, सगळे निवृत्त. चंद्रपुरात एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसतो. मी मूल गावाहून बसने जातो. कोणता नट पुरस्कार जिंकेल याचे भाकीत सगळेच करतात, आम्ही कोण विसरला जाईल याचे करतो. वर्षभरातल्या मराठी चित्रपटांतून प्रमुख भूमिकेची अशी पाच कामे निवडायची, जी उत्तम आहेत आणि ज्यांना मुंबईच्या मोठ्या पुरस्कारांत कोणी विचारणार नाही. मग त्यांचा क्रम लावायचा. दसऱ्याला ती यादी इथल्या एका साप्ताहिकात छापून येते. एवढ्याशा यादीला कोण विचारतो, असे वाचकाला वाटेल. पण झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटक कंपन्यांचे मालक ती वाचतात. दिवाळीनंतर धान कापून झाले की गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, रात्रभर नाटके चालतात, आणि त्यांचे फलक दसऱ्याच्या सुमारासच छापायला जातात.

मंडळ स्थापन झाले तेव्हा मी एक नियम घालून दिला होता. आमच्या पाठशाळेत ज्याचे खंडन करायचे त्याचा पूर्वपक्ष आधी स्वतःच मांडावा लागे, तोही असा की प्रतिपक्षाने मान डोलवावी. तोच नियम इथे. ज्या कामाला तुम्ही शेवटचा क्रमांक देणार, त्याची बाजू आधी तुम्हीच उभे राहून मांडायची. ती मांडता आली नाही तर त्या वर्षी तुमचा कागद बाद. पाचही जणांनी त्यावर सही केली होती. मंडळाच्या अध्यक्षांचीही होती.

अध्यक्ष महाविद्यालयात मराठी शिकवत. त्यांचे वाचन मोठे, वाणी स्वच्छ. बारा वर्षांपूर्वी एका जिल्हास्तरीय नाट्यस्पर्धेत आम्ही दोघे शेजारी शेजारी परीक्षक म्हणून बसलो होतो. आरमोरीकडच्या एका गावाचे नाटक सुरू होते. नायिकेचे काम करणारी बाई तिथल्या शाळेत माझ्याकडे शिकलेली होती. तिच्या पहिल्या मोठ्या प्रवेशात अध्यक्ष माझ्याकडे वळले आणि पहिल्या तीन रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हिला बोलता येत नाही हो, हाका मारता येतात. धान राखायला बरी आहे." रांगा हसल्या. ती रंगमंचावर क्षणभर थांबली, आणि मग पुढचे वाक्य तिने तितक्याच आवाजात म्हटले.

तो दिवस मी विसरलो नाही. रोज संध्येला बसताना मनातून मळ काढून टाकावा असे शास्त्र सांगते. बाकीचा काढला, हा राहू दिला. अध्यक्षांशी मी बारा वर्षे आदराने बोललो, त्यांच्या घरचे तिळगूळ खाल्ले, आणि वाट पाहिली.

यंदा ती बाई चित्रपटात नायिका झाली. चाळिशीला आलेली, पंधरा वर्षे झाडीपट्टीत नायिकेची कामे करणारी. कंपनीच्या मालकाने उन्हाळ्यातच तिला सांगून ठेवले होते की या हंगामापासून सासूची आणि मावशीची कामे घ्यावी लागतील, नायिकेसाठी नागपूरची पोर पाहिली आहे. यादीत तिचे नाव पहिले आले तर मालकाला तिला फलकावरून खाली घेणे जड जाणार होते, आणि तिसरे-चौथे आले तर ती मावशी होणार होती. हे आम्हा पाचही जणांना ठाऊक होते.

चित्रपट तिच्याच बोलीत, आरमोरीच्या पलीकडच्या जंगलात चित्रित झालेला. चंद्रपुरात दुपारच्या एकाच खेळाला लागला आणि आठवडाभरही टिकला नाही. मी तीन वेळा पाहिला. मोहफुले वेचायला गेलेल्या माणसाला वाघ नेतो, ही गोष्ट आमच्याकडे कुणाला सांगावी लागत नाही. मध्यंतरापर्यंत चित्रपट त्या माणसाचा आहे. ती केवळ त्याची बायको, पाणी भरणारी, टोपले विणणारी. मध्यंतरानंतर चित्रपट तिचा होतो. पुढच्या वर्षी मोह फुलतो तेव्हा ती त्याच झाडाखाली जाते. पहाट असते. ती फुले वेचते, मग फडक्यातला शिळा भात सोडते, आणि जिथून वाघ आला होता त्या झुडपाकडे पाठ करून जेवायला बसते. एक शब्द नाही, एक अश्रू नाही. घास मात्र हळू हळू चावते. मी अनेक वर्षे काव्यातले करुण रसाचे लक्षण शिकवले. ते लक्षण त्या जबड्याच्या हालचालीत मला प्रथमच डोळ्यांनी दिसले.

दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा पुढच्या रांगेत अध्यक्ष होते. मध्यंतराचे दिवे लागले, ते उठले, बाहेर गेले. मी दारापर्यंत गेलो आणि त्यांची स्कूटर रस्त्याला लागताना पाहिली. त्यांना हाक मारता आली असती. दुसऱ्या दिवशी दूरध्वनी करून, राहिलेला भाग पाहा, असे सांगताही आले असते, खेळ अजून दोन दिवस होता. मी केले नाही. परत येऊन माझ्या जागेवर बसलो. मला झालेला आनंद देवळात बसून होतो तसा शांत होता, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

बैठक नवरात्रात, अष्टमीच्या दुपारी झाली. यादीत पाच कामे होती. बसवाहकाचे काम करणारा एक तरुण, दृष्टी गेलेली आई साकारणारी एक ज्येष्ठ अभिनेत्री, अखेरच्या दिवसांतला एक संगीतशिक्षक, घर सोडून गेलेल्या भावाला शोधणारी एक मुलगी, आणि ही. संगीतशिक्षकाचे काम करणारा नट अध्यक्षांचा आवडता. मी त्याला पाचवा धरला होता आणि नियमाप्रमाणे त्याचा पूर्वपक्ष मला मांडावा लागला. मी उभा राहिलो. तो शिष्याचा चुकलेला स्वर ऐकून न ऐकल्यासारखे करतो, तेव्हा त्याची मान कशी स्थिर राहते आणि केवळ बोटे थांबतात, हे मी सांगितले. सांगता सांगता माझ्याच लक्षात आले की हे काम पाचवे नाही, दुसरे आहे. खाली बसलो. घुग्घुसच्या कोळसा खाणीच्या दवाखान्यात आयुष्य घालवलेल्या एक परिचारिकाबाई आमच्या सभासद आहेत. त्या मला म्हणाल्या, "गुरुजी, तुमी तर त्याले पार देवच केलं. मी त्याले चवथा देऊन राह्यली होती, आता दुसरा देतो."  माझ्या कागदावर पाचच राहू दिला. तो आकडा सुडाचा होता.

मग अध्यक्ष उठले. त्यांनी तिला पाचवी धरले होते.

"या बाईंच्या बाजूने सांगायचे तर," ते म्हणाले, "गावातली बाई गावातलीच भूमिका करते, त्यामुळे एक सहजता येते. पाणी भरणे, टोपले विणणे वगैरे तिला शिकवावे लागले नसणार."

"आणि उत्तरार्धात?" मी नम्रपणे विचारले.

"उत्तरार्धात नवऱ्याचा मृत्यू. तिथे भावनेला वाव आहे."

"तो तिने कसा घेतला, तेवढे सांगावे. पूर्वपक्ष पूर्ण व्हायला हवा."

"मोकळेपणाने घेतला, पंडितजी. शेवटी ती झाडाला मिठी मारून आक्रोश करते. आवाज मोठाच आहे तिचा, तो तिथे उपयोगी पडला, हे मी मान्य करतो."

 झाडाला मिठी मारून केलेला आक्रोश चित्रपटात नाहीच. तो जाहिरातीच्या तुकड्यात आहे. आमच्याकडच्या प्रेक्षकाला रडे दाखवल्याशिवाय तो तिकीट काढत नाही अशी सगळ्या निर्मात्यांची समजूत, म्हणून तेवढ्यापुरते चित्रित करून तो तुकडा भ्रमणध्वनीवर फिरवला होता. जिल्ह्यात ज्याच्या त्याच्या हातात तो होता. अध्यक्षांनी चित्रपटाचा अर्धा भाग तेवढ्यावरून पाहून घेतला होता.

मी थांबलो नाही. "झाडाला मिठी मारल्यावर पुढे काय होते?"

"पुढे... गावकरी तिला उचलून नेतात."

"गावकरी किती?"

"पंडितजी, हा काय उलटतपास आहे?"

परिचारिकाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "भाऊ, आठवत नाई असं हाये, का पाह्यलंच नाई असं हाये, तेवढं सांगून टाका. दोन्हीले गोळी येगळी लागते."

बाकीचे दोघे हसू आवरत होते. अध्यक्षांचे कान तांबडे झाले. वय झाले, कामे होती, मध्यंतरानंतर प्रकृती ठीक नव्हती, असे ते म्हणाले. मी पिशवीतून नियमाचा कागद काढला, त्यांची सही त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणालो, "बसावे. धान राखणारीचा शेवट आपण पाहिला नाही, एवढेच झाले आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. बारा वर्षांपूर्वीचे आपले वाक्य त्यांना आठवले की नाही, कळले नाही. मला आठवत होते, तेवढे पुरे. त्यांचा कागद धरला असता तर बेरीज बरोबरीची होऊन अध्यक्षांच्या जादा मताने संगीतशिक्षक पहिला येता. कागद बाद झाला आणि ती पहिली आली.

दसऱ्याला साप्ताहिक निघाले. त्याच दिवशी दुपारी तिचा दूरध्वनी आला.

"गुरुजी, पाह्यली यादी. सकाळीच मालक आले होते घरी, सोनं द्याले. म्हणे, बाई, यंदाबी नायिका तुमीच, नागपूरवालीले बहीण करतो तुमची."

मी देवीचे नाव घेतले. मग न राहवून बैठकीत काय झाले ते सारे तिला सांगितले. ती खळखळून हसली. "गावकरी किती, असं इचारलं तुमी? पुन्हा सांगा ना." मी पुन्हा सांगितले. सुडाचे फळ दोघांनी वाटून खाल्ल्यासारखे मला वाटले.

मग ती म्हणाली, "त्या स्पर्धेत तो मले बोलला, तवा तुमी बाजूलेच बसून होते ना?"

"हो."

"मी तिकडंच पाहून थांबली होती, गुरुजी. मले वाटलं, तुमी काई म्हणसान."

लगेच तीच म्हणाली, "मग तुमचाबी कागद बाद करा ना," आणि पुन्हा हसली. "मजाक करून राह्यली. पाया पडते. मंडईले या नाटक पाहाले." घरात कुणीतरी तिला बोलावले आणि तिने फोन ठेवला.

तिला जे ठाऊक नाही ते इथे लिहितो, म्हणजे अंक छापल्यावर तिला कळेल. त्या दिवशी मी नुसता गप्प नव्हतो. तीन रांगा हसल्या आणि मला तिची बोली, माझ्याच शाळेतून गेलेली ती बोली, माझी उणीव वाटली. मी खाली पाहिले आणि माझ्या कागदावर तिच्यापुढे लिहिलेला पहिला क्रमांक खोडून दुसरा केला. त्या स्पर्धेत तिला पारितोषिक मिळाले नाही. अध्यक्षांनी ते शब्दाने केले, मी शाईने केले. बारा वर्षे मी ज्याची वाट पाहत होतो तो अपराधी खोलीत एकटा बसलेला नव्हता.

म्हणून मंडळाला कळवतो की पुढील वर्षापासून माझा क्रम लावण्याचा अधिकार मी सोडला आहे. यंदाच्या यादीत संगीतशिक्षकाला दिलेला पाचवा क्रमांकही मागे घेतो. तो दुसरा आहे, तसे वाचावे. त्याने तिचा पहिला क्रमांक ढळत नाही, बेरीज मी करून पाहिली आहे. क्रम लावण्याची माझी जागा परिचारिकाबाई ज्याला देतील त्याला द्यावी. मोठ्या पुरस्कारांची नावे अजून जाहीर व्हायची आहेत. त्यांत या बाईचे नाव नसेल, हे माझे भाकीत आहे. ते खोटे ठरले तर महाकालीला नारळ फोडीन, पण नारळ मी आणून ठेवलेला नाही.

अध्यक्षांना मात्र मी क्षमा केलेली नाही, आणि ती देवीजवळ मागितलेलीही नाही. कागद माझा गेला तरी पूर्वपक्ष ऐकण्यासाठी समोर बसण्याचा सभासदाचा हक्क जात नाही. प्रकृती साथ देईल तोवर प्रत्येक अष्टमीला मूलची पहिली बस धरून मी त्यांच्या समोरच्या खुर्चीत येऊन बसेन आणि ते उभे राहिले की विचारेन, आणि उत्तरार्धात? त्यांना यापुढे प्रत्येक चित्रपट शेवटपर्यंत बसून पाहावा लागेल. त्यांच्यासाठी मला याहून मोठा दंड सुचत नाही, आणि माझ्यासाठी तिने सांगितला त्याहून योग्य.

वाचकहो, तुमच्या घरी धान भरपूर येवो, जनावरे आणि लेकरे सुखरूप परतोत. तुमच्या घरातली लेक चारचौघांत बोलायला उभी राहील तेव्हा तिच्या बाजूने बोलणारे माणूस जवळच बसलेले असो, आणि त्याला त्याच क्षणी कंठ फुटो. शुभं भवतु.