कोपऱ्यातला कडबा

लातूरचा जिल्हा झाला आन् साहेबरावच्या डोक्यात रेकॉर्डिंग शिरलं. लग्नात-जयंतीत भोंगे लावणारा हा गडी. आता त्याला स्वतःच्या खोलीत भीमगीतांची कॅसेट भरायची होती. गाणारी घरचीच, मुखेडकडच्या खेड्यातली मावशी सरजाबाई. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेला. तिनं सूर लावला की माणसं भरलं ताट सोडून उठायची.

खोली मात्र लई खोडील. ढोलकीची धूम, तो खालचा घुमता आवाज, कोपऱ्यात जाऊन बसायची आन् गुरगुरत राहायची. टेपवर मावशीचे शब्दच बुडायचे.

नांदेडला थेटराचं काम केलेल्या मन्मथ सुतारानं दोन वाटा सांगितल्या. ‘‘एक तर कोपऱ्यात पातळ प्लायवूडच्या बंद पेट्या करू, मागं पोकळी ठेवून. पण पेटी ठरावीक धूमच धरती. माप चुकलं की काम गेलं. न्हाई तर कोपरा खालून आढ्यापस्तोर भुसभुशीत मालानं भर. चांगला हातभर जाड. ते सगळीच धूम थोडीथोडी गिळतंय.’’

साहेबरावला दुसरी वाट पटली, कारण माल घरात होता. नव्या जिल्ह्याच्या सभेला भोंगे लावले, त्याबद्दल एका पुढाऱ्यानं पैशाऐवजी कडब्याची गाडी धाडली होती. त्या सालच्या दुष्काळात कडबा म्हंजे सोनं, पण साहेबरावच्या दावणीला शेळीसुदिक नव्हती.

त्याच हप्त्यात मावशी एसटीनं आली. ‘‘साहेबा, ढवळी गाय उठंना रं. जिल्ह्याच्या गावात राहतूस, धा-बारा पेंढ्या बघ कुठं तरी.’’

कडबा आतल्या खोलीत, कुलपामागं होता. साहेबराव चहाच्या कपात बघत म्हणाला, ‘‘लातुरात काडी मिळंना, मावशी.’’

‘‘हाव, असता तर तू दिलाच असतास,’’ म्हणून ती उठली.

ती गेल्यावर त्यानं कडबा बारीक कापून कुट्टी करून घेतली, पोत्यांत सैल भरली, पोती कोपऱ्यात रचली. उंदीर लागू नये म्हणून वर पावडर मारली आन् निळा पडदा लावला. धूम पार गेली. मन्मथनंबी मान डोलावली.

रेकॉर्डिंगला मावशी आली. ढवळी कशी हाय, हे साहेबरावनं इचारलं न्हाई. पहिलं गाणं असं उतरलं की तिचा श्वास मोजावा. मग पाणी प्यायला ती कोपऱ्याला टेकली. पोतं हललं, शिवण उसवली अन् पडद्याखालून कुट्टी तिच्या पायावर सांडली.

ढोलकीवाला दगडोबा हसला. ‘‘मावशी, तुमच्या भाच्यानं माझ्या ढोलकीला वैरण घातली बघा!’’

मावशी हसली न्हाई. ‘‘मी आलते तवा हे घरात होतं?’’

साहेबरावला वाटलं, न्हाई म्हणावं. तोंडातून आलं, ‘‘हाव.’’

दगडोबा ढोलकीची दोरी ओढत बसला.

‘‘समदी पोती देतो, मावशी. आत्ता टेम्पो करतो.’’

तिनं मूठभर कुट्टी नाकाला लावली. ‘‘पावडर मारलीस?’’

‘‘उंदरासाठी.’’

‘‘आता हे कुठल्या जनावराच्या तोंडाला लावावं? ढवळी तर बाजाराला गेली.’’ तिनं हात लुगड्याला पुसला. ‘‘बटन दाब. आलेय तर गाऊन जाते.’’

बाकीची गाणी तिनं त्याच्याकडं पाठ फिरवून गायली. कॅसेट लई चालली. जयंतीला तीच वाजायची, आन् साहेबराव मशीन दगडोबाच्या हवाली करून मांडवाच्या भाईर जाऊन उभा राहायचा. पोती त्यानं गावाभाईर नेऊन जाळली, मन्मथकडून प्लायवूडच्या पेट्या करून घेतल्या. माप चुकलं, निम्मी धूम परत आली. मन्मथ म्हणाला, ‘‘पुन्हा पोती लाव.’’ साहेबराव उठून गेला.

पाऊस झाला, ज्वारी निघाली, तसा तो कडब्याची गाडी घेऊन मावशीच्या दारात गेला. गोठ्यात तिनं गवऱ्या रचल्या होत्या.

‘‘हितं कशाला आणलास? आळीतल्या केवळाबाईची गाय हाय अजून, तिच्या दारात टाक.’’

केवळाबाईची गल्ली अरुंद, गाडी जाईना. साहेबरावनं इनशर्ट काढला, पेंढ्या डोक्यावर घेतल्या आन् साऱ्या आळीदेखत खेपा घालत राहिला. मावशी उंबऱ्यावर बसून गहू निवडत होती. तिनं मान वर केली न्हाई.