महादेवभाऊंचे करडे पत्रे

महादेवभाऊ गेल्याची बातमी मला आठवडी बाजारात, वांगी निवडता निवडता कळली. महिना होत आला, तरी मन मानत नाही... भाऊ नागभीडचे फिटर, लढाईच्या वर्षांत विमानांच्या कारखान्यात काम करून आलेले. मी वैनगंगेकाठच्या दवाखान्यातली नर्स. पलीकडच्या गावांची बाळंतपणं माझ्याकडे, आणि पावसाळ्यात तिकडे जायला एकच साधन, अॅल्युमिनियमची होडी. त्या वर्षी तिच्या तळाची चाळणी झाली होती. मृग आठवड्यावर आलेला. दोन बायांचे दिवस भरत आले होते, माझा जीव नुसता टांगणीला!

भाऊंनी तळाला नवे पत्रे आणले. पण जोडण्याआधी, पिंप कापून केलेल्या हौदात धुण्याचा सोडा नि कसलंसं पिवळं मीठ उकळून एकेक पत्रा बुडवला. चांदीसारखा पत्रा आत गेला नि करडा होऊन बाहेर आला. मी आ वासून बघत राहिले. "हा रंग नाई, बाई," भाऊ म्हणाले, "पत्र्यानं आपल्याच अंगाची कातडी केली. आता पाणी त्याले खात नाई." धातूला कातडी! अजून नवल वाटतं.

पत्रे वाळत ठेवून भाऊ रिव्हेट आणायला गेले. मला ते काळवंडलेले पत्रे बघवेनात. भांडं म्हटलं की आपल्याकडे राख आलीच. धानाच्या तणसाचा बोळा घेतला नि सगळे घासून लख्ख केले हो! भाऊ आले आणि एकेक पत्रा उचलून बघू लागले.

"बाई, काऊन घासले?"

"मले वाटलं, जळले."

ओरडले असते तर बरं झालं असतं. "कातडी सोलली गेली," एवढंच म्हणाले नि हौदाखाली पुन्हा जाळ केला. मी मदतीला गेले तर जवळ येऊ देईनात. "दूर राहा. तुमच्या हातानं लेकरं जन्माले येतेत." मला वाटलं, राग धरलाय. मीही फुगून बसले. होडी मृगाआधी पाण्यात उतरली, दोन्ही बाया सुखरूप सुटल्या. चार पावसाळे गेले, तळाला एक भोक नाही.

परवा वहिनींना भेटायला गेले. त्या म्हणाल्या, "शेवटची आंघोळ घालताना बोटं पाह्यली. खड्डे तसेच होते. त्या पिवळ्या मिठानं खाल्लं. पहिल्या खेपेलेच हातमोजे फाटले, दुसऱ्या खेपेले उघड्या हातानं केलं."

मी विचारलं, "मले काऊन नाई सांगितलं?"

"म्हणत, बाईले समजलं तर होडीत पाय ठेवणार नाई."

काल पलीकडून बोलावणं आलं. काठावर रडले, थांबले... आणि होडीत पाय ठेवला.