जमिनीपुरते जिवंत आबा

जिवंत माणसाचे किस्से त्या माणसाबरोबर संपतात. हरवलेल्याचे संपत नाहीत. ज्याला जे वाटेल ते तो त्यात घालतो आणि वर आमच्याच पैशानं चहा पितो! माझ्या वडलांचे इतके किस्से माझ्याकडं जमलेत, पण त्यातला एकही आबांनी केलेला नाही. सगळे मागं राहिलेल्यांनी केलेले.

आमची वाडी वेल्ह्यात, पासलीच्या वरच्या अंगाला. दुसऱ्या महायुद्धात आबा पलटणीबरोबर ब्रह्मदेशाकडं गेले, तेव्हा मी आईच्या पोटात होते. नंतर ना आबा आले, ना तार आली, ना कुणी निरोप आणला. पुढं मी शिकले, किकवीच्या शाळेत मास्तरीण झाले, आणि साठ सालानंतर आबांच्या शोधाला लागले. म्हटलं, आपला बाप कुठल्या मातीत पडला एवढं तरी कळावं. लोक म्हणायचे, "बाई, जरा शांतपणानं घ्या."

शांतपणानं! आधी ऐका, मग मला सांगा.

*

भोरच्या एसटी स्टँडजवळ एक हॉटेल होतं. बाजारच्या दिवशी तिथं लढाईवरून परतलेले पेन्शनर जमायचे. मी गेले, सगळ्यांना चहा सांगितला आणि आबांचं नाव विचारलं.

पहिले म्हणाले, "अरारा! माझ्या मांडीवर प्राण सोडला की त्यांनी. पानी मागितलं, म्या पाजलं."

मी तिथंच रडले. पुढच्या बाजारी परत गेले, म्हटलं अजून काही कळेल. त्या दिवशी दुसरेच एक जण भेटले. त्यांच्याही मांडीवर आबांनी प्राण सोडलेला! पाणीही पाजलेलं. फक्त हे पेन्शनर लढले होते इटलीत!

महिन्याभरात आबा चार मांड्यांवर मेले. शेवटच्या गृहस्थांना मी विचारलं, "दिसायला कसे होते हो आबा?"

ते म्हणाले, "तुमाला कसं आठवत्यात?"

"मी पोटात होते तेव्हा."

"मंग उंच हुते!" ते छातीठोक म्हणाले. "चांगलं उंच!"

*

आता तात्या. तात्या म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, माझे सख्खे चुलते. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं. आबा मेले म्हणावं, तर आबांच्या हिश्शावर आईचं आणि माझं नाव लागणार. म्हणून तात्यांचा एकच ठेका: "दादा जित्ता हाय! माजा दादा मेला म्हनंल त्येची जीभ झडंल!"

लोकांना वाटायचं, काय ते बंधुप्रेम! तलाठी गावात आला की तात्यांच्या डोळ्यांना पाणीच यायचं. तलाठी गेला की वाळायचं.

आईनं कुंकू पुसायचं नाही, हा हुकूमही तात्यांचाच. बरं, कुंकू आहे तर सवाशीण म्हणून मान तरी द्या! एका चैत्रात तात्यांच्याच घरी हळदीकुंकू होतं. आई लुगडं बदलून गेली. दारातच चुलती आडवी झाली, "जाऊबाई, तुमी नगं. काय हाय, नव्या सुना आल्यात घरात."

आई तशीच माघारी आली. मी विचारलं, "काय गं, झालं लवकर?"

आई म्हणाली, "अगं, रानात गेलं की तुजं आबा जित्तं, आन् हळदीकुंकवाला गेलं की मेल्यालं. म्या तरी कुठं कुठं ध्यान ठिवू?"

*

माझं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका छापायला भोरला गेले. छापखान्यातले खिळे जुळवणारे जुळारी भले माणूस, पण कामात काटेकोर. त्यांनी कागद वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"वडलांच्या नावाआधी काय टाकू? श्री. की कै.?"

शेजारी तात्या उभे. ते गरजले, "श्री. टाका! दादा जित्ता हाय!"

"मग निमंत्रक वडीलच ना?"

"त्ये कसं? निमंत्रक मी. त्ये हितं न्हाईत."

"मग कुठं आहेत?"

तात्या छताकडं बघायला लागले. तेव्हा माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, "काका, वडलांचं नावच खोडा. 'अमक्या आईची कन्या' असं टाका, आणि निमंत्रक म्हणूनही आईचंच नाव घाला. तिनं एकटीनं वाढवलंय मला."

जुळाऱ्यांनी कागद शांतपणे घडी करून माझ्या हातात दिला. "बाई, असली पत्रिका जुळवायला माझ्याकडं खिळे नाहीत!"

शेवटी पत्रिका छापलीच नाही. तोंडी आमंत्रणं केली. माझ्या सासरचे आजवर सांगतात, "सूनबाईंनी खर्च वाचवला हो!"

*

मग एका वर्षी भात काढून झाल्यावर हेळवी आला. हेळवी म्हणजे बैलावर बसून गावोगाव फिरणारा, घराण्याची वंशावळ तोंडपाठ सांगणारा माणूस. मला वाटलं, देव पावला! पलटणीला माहीत नाही, सरकारला माहीत नाही, पण ह्याच्या वंशावळीत तरी आबा सापडतील.

त्यानं अंगणात बैल उभा केला आणि सुरू झाला. मूळ पुरुष कुठून आला, घाट कुणी उतरला, कुठल्या पोराला किती मुलगे... सगळी भावकी माना डोलवत होती. आजोबांवर आला. आजोबांचे दोन मुलगे. आबांचं नाव घेतलं आणि तिथं थांबून म्हणाला, "ह्ये लढाईवर गेले. पुढं वंश न्हाई."

मी ओसरीवरून उठले. "वंश नाही? मग ही मी कोण?"

"तसं न्हवं, बाई. लेकी धरीत न्हाईत आमी."

"आणि तात्यांचा तो बाटलीत बुडालेला गणपा?"

"त्यो धरला न्हवं!"

मी आत गेले, सूपभर तांदूळ घेऊन आले आणि त्याच्यासमोर धरले. "लेकीच्या हातचं हे तरी धरता का?"

हेळव्यानं झोळी पुढं केली. "त्ये धरतो की!"

*

पुण्याला सैनिकांच्या कामाची एक कचेरी होती. तिथं आईला घेऊन गेले. सकाळची एसटी धरून पोचलो, बाकावर बसलो, जेवणाची सुट्टी झाली, परत बसलो. शेवटी साहेबांनी बोलावलं.

"मृत्यूचा दाखला आणलाय?"

"साहेब, तेच विचारायला आलोय. माणूस मेला की आहे?"

"ते आम्ही कसं सांगणार? नियमाप्रमाणं आधी दाखला लागतो."

"दाखला कोण देतं?"

"ज्यांना मृत्यू झाल्याचं माहीत आहे ते."

"ते कुणाला माहीत असतं?"

साहेब वैतागले. माझ्याशी बोलणंच बंद केलं त्यांनी. वळून आईला म्हणाले, "हे बघा आजी, सरळ सांगा. तुम्ही विधवा आहात का?"

तेव्हा आईचं डोकं नीट पांढरंही झालं नव्हतं. आजी! आई पदर सावरून उठली आणि म्हणाली, "त्येच तर इचारायला तुमच्याकडं आले, दादा. माज्यापाशी आसतं तर घरीच सांगितलं नसतं का?"

*

एकाहत्तरच्या लढाईनंतर वारं एकदम फिरलं. जो तो सैनिकांच्या घरच्यांना हुडकायला लागला! आमच्या भागातही एक सत्काराचा कार्यक्रम ठरला. आईचं नाव यादीत नव्हतं, 'प्रकरण अनिर्णीत' म्हणून. पण आदल्या दिवशी कार्यकर्ता घाम पुसत आला, "मावशी, चला उद्या. एक वीरपत्नी कमी पडतीया. खुर्ची मोकळी दिसंल."

मी म्हटलं, "आई, जायचं नाही!" पण आई गेली.

पुढाऱ्यांनी भाषण ठोकलं. "या माउलीच्या पतीनं रणांगणावर देह ठेवला! त्या पवित्र भूमीला माझा नमस्कार!"

आई खुर्चीवरून उठली. माईक नव्हता, पण आवाज शेतावरचा. "सायेब, कुठं?"

"काय कुठं?"

"देह कुठं ठेवला म्हनलात न्हवं? ती भुई कुठं हाय? इतकी वर्सं हुडकतीया ही पोर."

पुढाऱ्यांनी घाईनं नारळ आणि खण आईच्या ओटीत टाकला, आणि बँडवाल्याला खूण केली. बँड वाजला!

*

आता हा शेवटचा.

त्यानंतर तीन-चार वर्षं गेली असतील. तात्यांना ओढ्याकाठची भातखाचरं पुण्याच्या एका पार्टीला विकायची होती. आमच्यातली तीच काय ती चांगली जमीन. पण सातबाऱ्यावर आबांचं नाव. अंगठा हवा आबांचा. आणि तात्या तर गेली तीस वर्षं ओरडतायत, दादा जित्ता हाय! मेला म्हणायची सोय उरली नव्हती.

सुट्टीसाठी मी वाडीवर आले होते. दुपारी गलका ऐकू आला. तात्या वेल्ह्याच्या एसटीतून एका माणसाला घेऊन उतरले होते. दाढी वाढलेली, अंगात जुना खाकी कोट, एक पाय ओढत चालणारा.

"दादा घावला!" तात्या रडत होते. "आसामात हुता! डोस्क्याला मार लागल्याला, इसरला हुता समदं!"

अख्खी वाडी आमच्या अंगणात लोटली. त्या माणसानं विहीर ओळखली. जुन्या बैलांची नावं सांगितली. तात्या प्रत्येक उत्तरानंतर लोकांकडं बघत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पुढं होणार, तेवढ्यात आई आतून आली. भाकऱ्या थापत होती, हाताला पीठ तसंच.

"वयनी," तात्या म्हणाले, "वळखा."

आई त्या माणसासमोर उभी राहिली. बराच वेळ पाहिलं. त्यानं मान वर केली नाही. मग आईनं हात उचलला आणि फाडकन त्याच्या तोंडात मारली! गालावर पिठाची पाच बोटं उठली.

"इतकी वर्सं कुठं मेला हुतास?"

तात्यांचा चेहरा उजळला. "वळख पटली! बघा, पटली वळख!"

"पटली," आई म्हणाली आणि सरपंचांकडं वळली. "ऐकलंत न्हवं समद्यांनी? मालक घरी आल्यात. आता उद्या भोरच्या कचेरीत चला. ह्येंच्या वाटणीचं रान ह्येंच्या लेकीच्या नावावर करायचं."

तात्यांचं रडणं जागच्या जागी थांबलं. "वयनी... आवं, ह्यो... तसं न्हाई..."

"का?" सरपंच म्हणाले. "दादा न्हवं का ह्ये? खोटा आसंल तर सांगा तात्या, फौजदाराला बोलावू. माणूस तुमीच आनलाय."

"दादाच हाय की," तात्या पुटपुटले.

आईनं त्या माणसाला जेवायला वाढलं. तो खाली मान घालून जेवला. रात्री तो चावडीत निजला, आणि सरपंचांनी दाराशी दोन माणसं ठेवली.

दुसऱ्या दिवशी भोरला बक्षीसपत्र लिहिलं गेलं. लिहिणाऱ्यानं विचारलं, "मुलीचं नाव?"

सगळे त्या माणसाकडं बघायला लागले. तात्यांनी त्याला पढवलं होतं विहिरीचं आणि बैलांचं. तो माझ्याकडं वळला. पहिल्यांदाच त्यानं नजर वर केली.

"म्या गेलो तवा तू न्हवतीस," तो म्हणाला. "काय ठिवलं गं नाव, बाय?"

आईनंच सांगितलं, "हौसा."

त्यानं अंगठा उठवला. मग ओळख पटवणारा म्हणून तात्यांना सही करावी लागली, 'हा माझा सख्खा थोरला भाऊ आहे.' सही करताना तात्यांनी दौतच सांडली!

स्टँडवर तो माणूस महाडकडच्या गाडीत चढला. आईनं फडक्यात बांधलेली भाकरी खिडकीतून दिली. गाडी वळणाआड गेली तसं मी आईचा दंड धरला.

"आई, खरं सांग. ते आबा होते का?"

आईनं पदरानं तोंड पुसलं.

"तुज्या चुलत्यानं सरकारात लिवून दिलंय न्हवं?" ती म्हणाली. "मंग म्या कोण न्हाई म्हननारी!"