हंगामी खिळा

टीव्हीवर कुणाला नुसतं ‘हंगामी अध्यक्ष’ म्हटलं तरी खिळा चॅनेल बदलायचा. त्या शब्दाचा त्याला मनापासून तिटकारा होता, आणि का नसावा?

खिळा हे नाव त्याला खेळत असताना पडलं. समोरच्या संघाचा भरवशाचा फॉरवर्ड याच्या वाट्याला यायचा आणि हा त्याला सामना संपेपर्यंत जागेवर ठोकून ठेवायचा. ऐन उमेदीची सगळी वर्षं त्याने एकाच फुटबॉल क्लबच्या पायावर वाहिली. गुडघ्याने दगा दिला तेव्हा क्लबने त्याला राखीव संघाचा प्रशिक्षक केलं. स्टँडखालच्या, मलमाच्या वासाने भरलेल्या खोलीत बसून त्याने खेळाडू घडवले. मुख्य संघातले निम्मे त्याच्याच हाताखालून गेलेले. त्याला दादा म्हणायचे.

मुख्य संघासाठी मात्र क्लबला प्रशिक्षक म्हणून बाहेरचाच साहेब लागायचा. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय! साहेब यायचा, लॅपटॉपवर बाणांची चित्रं दाखवायचा, आणि हंगाम निम्म्यावर येईपर्यंत संघ तळाला. मग साहेबाला नारळ, आणि अध्यक्षांना खिळ्याची आठवण. अडला हरी गाढवाचे पाय धरी. असे पाय अध्यक्षांनी चारदा धरले. चारही वेळा खिळा ‘हंगामी प्रशिक्षक’ झाला, हाकललेल्या साहेबाचंच जॅकेट त्याच्या अंगावर चढलं, बाह्या कधी लांब तर कधी आखूड. त्याने संघ वाचवला, की पुढच्या हंगामाला नवा साहेब हजर आणि खिळा परत स्टँडखाली. गरज सरो, वैद्य मरो. त्या अध्यक्षांचा संताप येतोच, पण त्याहून जास्त या वैद्याचा येतो. दर वेळी स्वतःच्या पायांनी परत जायचा!

पाचव्यांदा अध्यक्ष घरी आले तेव्हा खिळ्याच्या बायकोने त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

“एवढा हंगाम सांभाळून घ्या,” अध्यक्ष म्हणाले.

“कायमचा करा. मग येतो.”

“अहो, तुम्ही तर घरचेच! घरच्या माणसाला कसलं आलंय कायम आणि हंगामी?”

“घरचा म्हणून तर कोपऱ्यात पडलोय,” खिळा म्हणाला. “कायमचा करा, नाहीतर आहे त्याच साहेबाला घेऊन बुडा. राखीव संघही तुमचा तुम्हाला लखलाभ.”

अध्यक्ष उठले. “बघा बुवा. तुमच्यावाचून आमचं काही अडत नाही.”

“मग आलात कशाला?” बायकोने आतून विचारलं. त्या रात्री खिळ्याला पहिल्यांदा शांत झोप लागली.

साहेब तसाच राहिला आणि संघ घसरतच गेला. शेवटचा सामना जिंकला तरच क्लब वरच्या गटात टिकणार, नाहीतर खाली. खिळा जाणार नव्हता. पण मैदानात उतरणारे त्याचे खेळाडू होते, पाय घरात ठरेनात. शेवटी आयुष्यात पहिल्यांदा तिकीट काढून तो बायकोबरोबर साहेबाच्या बाकाच्या मागेच जाऊन बसला.

“तोंड उघडायचं नाही,” बायकोने बजावलं. “आज एक शब्दही यांना फुकट द्यायचा नाही.”

पहिला अर्धा वेळ त्याने दातांत रुमाल धरून काढला. एक गोल अंगावर बसला होता. डावीकडचा बचावपटू, काडी, पुन्हा पुन्हा रेषेकडे ओढला जात होता आणि त्याने सोडलेल्या जागेतून समोरचे खुशाल घुसत होते. साहेब लॅपटॉपात डोकं घालून बसलेला. अरे मेल्या, वर बघ की जरा!

तिसऱ्यांदा तेच झालं आणि रुमाल गळून पडला. “काड्या, आत ये! आत!”

मान न वळवता काडी आत आला. वर्षानुवर्षांची सवय. मग खिळ्याला कोण आवरणार? “उलट्या बाजूला दे! चढ, चढ! मागे कोण राहील?” मैदानातले सगळे स्टँडकडे कान लावून खेळायला लागले. साहेबाने एकदा मागे वळून पाहिलं आणि मुकाट्याने हाताची घडी घातली. बरोबरीचा गोल झाला तेव्हा बायकोने कपाळावर हात मारून घेतला. अगदी शेवटी, कॉर्नरवर, दुसरा गोल झाला तेव्हा मात्र तीच बाकावर उभी राहून किंचाळत होती.

अध्यक्ष वरच्या काचेच्या गार खोलीत बसून सामना बघत. तिथे बाहेरचं काही ऐकू जात नाही. खाली येऊन त्यांनी माईक धरला, विजयाचं श्रेय साहेबांच्या डोक्याला दिलं आणि त्यांना आणखी दोन वर्षं दिली.

खिळ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायको गर्दीत मागे राहिली, तरी तो न थांबता फाटकाशी जाऊन उभा राहिला. आज सगळं बोलायचं होतं. चारही जॅकेटांचं, स्टँडखालच्या खोलीचं, आत्ताच्या या अर्ध्या तासाचं. शिव्यासुद्धा ठरवून झाल्या होत्या.

अध्यक्ष आले. त्याला पाहून हसले. “पाहिलंत ना? झालं की नाही तुमच्यावाचून?”

खिळ्याने तोंड उघडलं. घशातून नुसती हवा आली. ओरडून ओरडून आवाज पार बसला होता. त्याने पुन्हा जोर लावला, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, पण शब्द म्हणून एक फुटेना.

अध्यक्ष त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, “चला, गेला म्हणायचा एकदाचा राग.”