अंतिम शर्यत उद्या

भांडुपला आमच्या सोसायटीत मला सगळे फौजी काका म्हणतात. गणपतीत हातात माईक देतात आणि दरवर्षी तोच प्रश्न येतो, काका, किती मारले? मी खरं ते सांगतो. तेवीस वर्षांच्या नोकरीत मी बहुतेक वेळ कानाला हेडसेट लावून बसलो होतो. मी हवालदार अनंत सावंत, पलटणीच्या सिग्नलचा माणूस. लोकांचा हिरमोड होतो, त्यांना युद्ध हवं असतं. माझ्याकडे सांगण्यासारखी एक धावण्याची शर्यत आहे. ती दोन महायुद्धांच्या मधल्या कुठल्यातरी वर्षी झाली आणि मी ती रेडिओवर ऐकली.

अकरा वर्षांपूर्वी आमची कंपनी उंचावरच्या तीन पोस्टवर होती. नावं सांगत नाही, सांगायची परवानगीही नाही. पोस्ट एकवर मेजरसाहेब, डॉक्टर आणि माझा रेडिओ. पोस्ट दोन तिथून दोन तासांच्या चालीवर, तिथे चार जण. पोस्ट तीन त्याच्याही वर. सकाळी पाचला स्टोव्ह पेटवायचा, बर्फ वितळवायचा, सहाला पहिला कॉल, मग वाटेवरचं बर्फ काढायचं. संध्याकाळी सहाला तिन्ही पोस्टचा रिपोर्ट. रिपोर्ट म्हणजे दोन शब्द: ऑल ओके. दात दुखत असला तरी ओके, ताप असला तरी ओके. खरं सांगितलं तर डॉक्टर खाली पाठवणार आणि आपली ड्युटी दुसऱ्याच्या डोक्यावर बसणार, म्हणून कोणी सांगायचं नाही. मीही लॉगबुकात ओके लिहायचो आणि पान उलटायचो.

पोस्ट दोनचा कमांडर नाईक दिलीप कांबळे. मानखुर्दचा. मूळ गाव बीडकडचं, पण तीन पिढ्या मुंबईत. आम्ही एकाच बॅचचे, त्यामुळे रँक फक्त साहेबांसमोर. बोलायला लागला की थांबायचा नाही. सामानात त्याने एक जाड वही आणली होती. त्याचे पणजोबा एका छापखान्यात कागदाचे गठ्ठे उचलायचे. वाया गेलेल्या पानांमधून ते खेळांच्या बातम्या कापून वहीत चिकटवायचे. ज्या मैदानांवर त्यांना कोणी पाऊल ठेवू दिलं नसतं, तिथल्या सामन्यांच्या बातम्या. टेबल टेनिस, कुस्ती, नेमबाजी, बर्फावरची हॉकी, धावणं. सगळ्या जागतिक स्पर्धा, सगळ्या एकाच वर्षातल्या. कुठलं वर्ष ते वहीत कुठेच नाही. पुठ्ठ्यावर शाईने एवढंच: चालू साल.

त्या हिवाळ्यात कांबळेने एक उद्योग सुरू केला. संध्याकाळचा रिपोर्ट झाला की रेडिओवर एक सामना सांगायचा, जणू आजच झालाय. हंगेरी विरुद्ध इंग्लंड, टेबल टेनिस. आधी पैजा लागायच्या, निकाल दुसऱ्या दिवशी. पैज चॉकलेटवर, फार तर अननसाच्या डब्यावर. वर्तमानपत्र पंधरा-वीस दिवसांनी यायचं, त्यामुळे आमच्यासाठी हीच ताजी बातमी होती. चौथ्या दिवशी मेजरसाहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"सावंत, ये क्या चल रहा है?"

"सर, मॅच."

त्यांनी हेडसेट कानाला लावला. थोडा वेळ ऐकलं. "दो मिनट. उससे ज्यादा नहीं. और मेरा डब्बा हंगेरी पे."

एकदा कांबळेने वहीतला एक फोटो दाखवला तेव्हा मी म्हटलं होतं, "दिल्या, फोटोत हे सगळे हातात हात घालून उभे आहेत. थोड्या वर्षांनी एकमेकांवर गोळ्या झाडत असतील."

"झाडतील रे. पण वहीत नाही ना झाडत," तो म्हणाला.

जानेवारीत वहीतलं शेवटचं पान आलं. दहा हजार मीटरची अंतिम शर्यत, पंचवीस फेऱ्या. मी पैज फिनलंडच्या धावपटूवर लावली, कारण बर्फातला माणूस. पोस्ट दोनवरचा शिपाई गावडे कुडाळचा, राहायला नाहूरला, उंचीने बेताचा. त्याने जपानचा धावपटू धरला, तोही आपल्यासारखाच बुटका म्हणून. अननसाचा एक अख्खा डबा पणाला लागला. पण निकाल काही कांबळे सांगेना. आज सांगतो, उद्या सांगतो, असे आठ दिवस काढले. मी शिव्या घातल्या.

नवव्या दिवशी सकाळी सात चाळीसला पोस्ट दोनच्या वरच्या उतारावरचं बर्फ सुटलं. आवाज आमच्यापर्यंत आला. पोस्ट दोनचे दोघे रॉकेल आणायला खालच्या तंबूकडे गेले होते, ते वाचले. कांबळे आणि गावडे झोपडीत होते. झोपडीसकट बर्फाखाली गेले.

सात बावन्नला माझ्या सेटवर खरखर झाली.

"वन फॉर टू. ओव्हर."

कांबळेचा आवाज होता, पोस्ट दोनवरून आम्हाला कॉल. त्याच्या हातातला छोटा सेट चालू राहिला होता. मी विचारलं, "टू, काय पोझिशन? ओव्हर."

"झोपडी बसलीय. हवा आहे थोडी. गावडेचा पाय अडकलाय, एका पायात बूट, दुसरा बूट हातात. ओव्हर."

"तू? ओव्हर."

"ओके. ओव्हर."

मी लॉगबुकात लिहिलं: कांबळे ओके.

आठ वाजता सुभेदारसाहेब दहा जणांना घेऊन निघाले. दोन तासांची वाट, पण ताज्या बर्फातून तीन तरी लागणार होते. वाचलेले दोघे तिथे खणत होते, दोघांत एक फावडं, आणि झोपडी सरकून नेमकी कुठे गेली ते त्यांना कळत नव्हतं. डॉक्टरांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. दोघांना झोपू द्यायचं नाही. आणि बॅटरी थंडीत लवकर मरते, म्हणून दर दहा मिनिटांनी एकच कॉल, अर्ध्या मिनिटाचा.

आठ दहाला मी कॉल केला. कांबळे म्हणाला, "सावंत, हा गावडे झोपायला बघतोय. याला काय सांगू?"

मागून गावडेचा आवाज आला. "माका नीज येता हा."

तोंडून निघून गेलं, "शर्यत सांग. आठ दिवस लटकवलंयस. दर कॉलला एक फेरी."

मग तो म्हणाला, "फेरी एक. सगळे घोळक्यात. फिनलंडवाला पुढे, नाक लालेलाल. तुझा जपानवाला शेवटून दुसरा, गावडे. ओव्हर."

मागून गावडे बोलला, "येतलो तो फुडे. थांबा वायच."

आठ वीसला फेरी दोन. साडेआठला फेरी तीन. मेजरसाहेब शेजारी उभे, हातात घड्याळ. पोस्ट तीनही ऐकत होती, मध्ये कोणी बोललं नाही. प्रत्येक कॉलला मी आधी विचारायचो, दोघे कसे? आणि कांबळे म्हणायचा, ओके. आठव्या फेरीला इटलीवाला पडला. अकराव्या फेरीला कांबळे म्हणाला, "जपानवाला असा आत घुसला, मानखुर्द सिग्नलला रिक्षा घुसते तसा. आता चौथा. गावडे, ऐकतोयस ना?" गावडे हसला. ते हसू मी ऐकलं. मला वाटलं, दोघेही येतील.

तेराव्या फेरीपासून कांबळेची वाक्यं छोटी झाली. मला वाटलं, बॅटरी वाचवतोय. दहा चाळीसला, "फेरी सोळा. जपान तिसरा. ओके. ओव्हर."

दहा पन्नासला उत्तर नाही. मी तीन वेळा कॉल केला. मग सेटवर गावडे आला.

"दिलीपदादा बोलनत नाय. सेट माझ्या हातात दिल्यानी आनि गप रवले."

मेजरसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हटलं, "गावडे, फेरी सतरा सांग. ओव्हर."

"माका खंय म्हायत?"

"तुझा जपानवाला आहे. तुला नाही तर कोणाला माहीत असणार? सांग. हुकूम आहे. ओव्हर."

मग रडक्या आवाजात, "जपानवालो दुसरो इलो."

त्याने सहा फेऱ्या सांगितल्या. विसाव्या फेरीला वरून फावड्यांचे आवाज ऐकू येताहेत म्हणाला. अकरा चाळीसला बाविसावी: जपान आणि फिनलंड बरोबरीत. अकरा पन्नासचा कॉल सुभेदारसाहेबांनी घेतला. गावडे जिवंत. नाईक कांबळे नाही.

छपराची लोखंडी पट्टी कांबळेच्या छातीवर पडली होती. डॉक्टर म्हणाले, कळलं असतं तरी आपण लवकर पोहोचलो नसतो. असेल. पण माझ्या लॉगबुकात माझ्या अक्षरात सतरा वेळा ओके लिहिलंय. मी एकदाही दुसरा प्रश्न विचारला नाही. ज्याच्याबरोबर अठरा वर्षं काढली, त्याचं ओके किती खरं असतं हे मला माहीत असायला हवं होतं. याची बोचणी गेलेली नाही. जाणार नाही.

वही बर्फातून कोरडी निघाली. ती पोचवायला मी मानखुर्दला गेलो. दिलीपची बायको सुनीता, अकरा वर्षांची मुलगी प्रज्ञा. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी दिलीपचा, नवा हार. मी जय भीम म्हटलं आणि वही सुनीताच्या हातात दिली. मग शर्यतीचं सगळं सांगितलं. निकाल तेवढा माहीत नाही, म्हणालो. वही उघडायचा मला धीर झाला नव्हता.

सुनीताने शेवटचं पान काढून माझ्यासमोर धरलं. रेषेवर उभ्या धावपटूंचा फोटो. खाली एकच ओळ, अंतिम शर्यत उद्या. पुढची पानं कोरी.

"आजेसासरे सांगायचे, त्याच आठवड्यात छापखाना बंद पडला," ती म्हणाली. "पुढचं कधी चिकटवलंच नाही. ह्यांना लहानपणापासून माहिती होतं, भाऊ."

म्हणजे आठ दिवस तो आम्हाला लटकवत नव्हता. त्याच्याकडे निकालच नव्हता. छातीवर लोखंड घेऊन सोळा फेऱ्या त्याने मनाने रचल्या, एका माणसाला जागं ठेवायला. मी त्या घरात पहिल्यांदा रडलो.

गावडेच्या डाव्या पायाची बोटं गेली. नोकरीतून बाहेर पडला, आता नाहूरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पुढच्या जानेवारीत तोच म्हणाला, शर्यत लावूया. तेव्हापासून दरवर्षी एका रविवारी सकाळी मुलुंडच्या एका मैदानात आम्ही चुन्याने ट्रॅक आखतो. पलटणीतले आसपासचे सात-आठ जण येतात. घोटभर चहा, मग धाव. मी फेऱ्या पुकारतो. सोळा फेऱ्या इतर धावतात. सतराव्याला गावडे आत उतरतो आणि खास बूट घालून सहा फेऱ्या चालतो, बाकीचे त्याच्या मागे चालतात. बाविसाव्याला सगळे थांबतात, कारण सांगणं तिथेच थांबलं होतं. पैजेचा अननसाचा डबा टेबलावर ठेवायचा आणि न उघडता घरी न्यायचा. माझी मुलगी म्हणते, बाबा, नेटवर शोधू का, कोण जिंकलं? मी नको म्हणतो.

प्रज्ञा आता बावीस वर्षांची आहे. कॉलेजच्या संघातून लांब पल्ला धावते. यंदा ती पहिल्यांदा आमच्यात धावली. आमच्या म्हाताऱ्यांना सोळाव्या फेरीतच धाप लागली होती. बाविसावी संपली, मी हात वर केला, गावडे रेषेवर थांबला. प्रज्ञा थांबली नाही.

"प्रज्ञा, बस," मी म्हटलं.

"काका, तीन राहिल्यात ना," ती धावता धावताच म्हणाली आणि पुढे गेली.

गावडे माझ्याकडे बघत होता. "अरे सावंतानू, बघतास काय? पुकारा."

मी पुकारलं. फेरी तेवीस. फेरी चोवीस. पंचविसाव्याला माझा आवाज फुटला, गावडेनेच पुकारलं. तिने रेषा ओलांडली आणि गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. सुनीताने पिशवीतून वही काढली आणि पेन माझ्या हातात दिलं.

"लिहा, भाऊ. पान कोरं आहे."

वेळ अकरा वाजून दहा मिनिटं, हवा स्वच्छ. मी फौजी अक्षरात लिहिलं: अंतिम शर्यत, दहा हजार मीटर, चालू साल. नाईक दिलीप कांबळे, सोळा फेऱ्या. शिपाई गावडे, सहा. प्रज्ञा दिलीप कांबळे, तीन. शर्यत पूर्ण.

मग गावडेने डबा फोडला. पहिली फोड आम्ही झाकणावर काढून दिलीपच्या नावाने बाजूला ठेवली.